डिक्रिप्ट होते, पण वाचता येत नाही: क्लाउडमधील एन्क्रिप्शन आणि एन्कोडिंगचे दोष

क्लाउडमध्ये एन्क्रिप्ट करून, म्हणजे गुप्त किल्लीने न वाचता येण्याजोगा करून, ठेवलेला मजकूर परत मागवला आणि तो उलगडलाच नाही, किंवा उलगडला पण मराठी वाक्याच्या जागी अनोळखी चिन्हांची रांग दिसली, तर पहिला संशय किल्लीवर जातो. किल्ली बदलली गेली असेल, परवानगी नसेल, सेवेतच काही बिघाड असेल, असे तर्क सुरू होतात आणि त्यात दिवस जातो. पुष्कळदा किल्लीचा त्यात काहीही दोष नसतो. मजकुराचे बाइटमध्ये किंवा बाइटचे मजकुरात रूपांतर करताना एका प्रोग्रॅमने एक पद्धत वापरलेली असते आणि दुसऱ्याने वेगळी. या रूपांतरालाच एन्कोडिंग म्हणतात. बिघाड नेमका कोणत्या टप्प्यावर झाला, हे समोर दिसणाऱ्या लक्षणावरून बऱ्याच अंशी ओळखता येते.

एन्क्रिप्शनची सेवा कोणत्याही कंपनीची असली तरी ती अक्षरे एन्क्रिप्ट करत नाही, बाइट एन्क्रिप्ट करते. बाइट म्हणजे ० ते २५५ यांपैकी एक संख्या. 'मराठी' हा शब्द सेवेकडे जाण्यापूर्वी कोणीतरी त्याचे बाइट केलेले असतात. आज हे काम सहसा यूटीएफ-८ या पद्धतीने होते, जी केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये तयार केली. तिच्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'म' म्हणजे २२४, १६४, १७४ या तीन संख्या. 'मराठी'मध्ये म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत, म्हणून त्याचे १५ बाइट होतात. हाच शब्द यूटीएफ-१६ पद्धतीने लिहिला तर १० बाइट होतात आणि त्या संख्या पूर्णपणे वेगळ्या असतात. एन्क्रिप्ट करणाऱ्याने एक पद्धत वापरली आणि वाचणाऱ्याने दुसरी, तर किल्ली बरोबर असूनही शब्द परत मिळत नाही.

दुसरे एन्कोडिंग उलट दिशेने काम करते. एन्क्रिप्शननंतर मिळणारे सायफरटेक्स्ट कोणत्याही भाषेतील मजकूर नसते, तर ते यादृच्छिक दिसणारे बाइट असतात. ते जेसन या माहितीच्या स्वरूपात, ईमेलमध्ये किंवा कॉन्फिगरेशन फाइलमध्ये जसेच्या तसे ठेवता येत नाहीत, म्हणून त्यांना बेस-६४ चे रूप दिले जाते. यात दर तीन बाइटची चार अक्षरे होतात. ही अक्षरे रोमन लिपीची मोठी व लहान अक्षरे, दहा अंक, अधिकचे चिन्ह आणि तिरपी रेघ अशा ६४ चिन्हांमधूनच येतात, आणि शेवटी गरजेप्रमाणे बरोबरची चिन्हे जोडली जातात. आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. बेस-६४ म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे, हे येथे ठामपणे सांगणे मला आवश्यक वाटते. कुबरनेटीस या क्लाउड प्रणालीच्या 'सीक्रेट' नावाच्या नोंदीत बेस-६४ च्या रूपात दिसणारा पासवर्ड कोणीही किल्लीशिवाय क्षणात वाचू शकतो.

आता मूळ मुद्दा. एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये केएमएस ही किल्ल्या सांभाळणारी सेवा आहे. तिच्यातील नेहमीची सिमेट्रिक किल्ली, म्हणजे एन्क्रिप्ट आणि डिक्रिप्ट दोन्हींसाठी एकच असलेली किल्ली, एईएस-२५६ जीसीएम या पद्धतीने काम करते. ही पद्धत मजकूर लपवते आणि शिवाय त्यात कोणी फेरफार केला आहे का हेही तपासते. सायफरटेक्स्टमधील एक बिट जरी बदलला तरी ती अर्धवट किंवा बिघडलेला मजकूर देत नाही, उलगडण्यास सरळ नकार देते. यावरून निदानाचा पहिला नियम मिळतो. डिक्रिप्शन, म्हणजे उलगडणे, यशस्वी झाले पण मजकूर बिघडलेला आहे, तर सायफरटेक्स्ट प्रवासात शाबूत राहिले आहे आणि दोष एन्क्रिप्शनच्या आधी किंवा डिक्रिप्शनच्या नंतर आहे. सेवेने नकारच दिला, तर सायफरटेक्स्ट किंवा त्याच्यासोबत द्यावयाचा संदर्भ (त्याविषयी पुढे) मधल्या वाटेवर बदललेला असण्याची शक्यता अधिक. केएमएस अशा वेळी इन्व्हॅलिडसायफरटेक्स्टएक्सेप्शन ही त्रुटी देते. परवानगी नसेल तर त्रुटीच्या नावात ॲक्सेसडिनाइड असते, आणि डिक्रिप्ट करताना चुकीची किल्ली नाव घेऊन दिली असेल तर इन्करेक्टकी असते. त्रुटीचे नाव नीट वाचले तरी निम्मे तर्क बाद होतात.

कमांड लाइनवरची शांत चूक

सर्वात फसवा प्रकार एडब्ल्यूएसच्या कमांड लाइन साधनात, म्हणजे आदेश टाइप करून चालवायच्या साधनात, आढळतो. त्याची दुसरी आवृत्ती फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वांसाठी खुली झाली आणि तिने एक मूलभूत वर्तन बदलले. पहिल्या आवृत्तीत प्लेनटेक्स्ट (एन्क्रिप्ट करायची मूळ माहिती) म्हणून दिलेला मजकूर जसाच्या तसा घेतला जात असे. दुसरी आवृत्ती तो आधीच बेस-६४ मध्ये आहे असे गृहीत धरते. त्या जागी 'मराठी' हा शब्द दिला तर साधन लगेच अवैध बेस-६४ अशी तक्रार करते, आणि ते बरेच झाले. खरी अडचण तक्रार न येण्यात आहे.

रोमन लिपीतील 'टेस्ट' हा चार अक्षरांचा शब्द घ्या. त्याची चारही अक्षरे बेस-६४ च्या चिन्हसंचात आहेत आणि लांबी चारने भागली जाते, त्यामुळे साधनाच्या दृष्टीने तो वैध बेस-६४ आहे. ते त्या अक्षरांच्या संचातील क्रमांक घेते, म्हणजे ४५, ३०, ४४, ४५, आणि त्यांपासून १८१, २३५, ४५ असे तीन बाइट तयार करते. एन्क्रिप्ट होतात ते हेच तीन बाइट. मूळ चार अक्षरे सेवेपर्यंत पोहोचतच नाहीत. पडताळणीसाठी त्याच साधनाने डिक्रिप्ट केले, तर ते उत्तर पुन्हा बेस-६४ च्या रूपात छापते, आणि तीन बाइटचे बेस-६४ रूप नेमके 'टेस्ट' असेच येते. पडद्यावर सर्व काही बरोबर दिसते. पुढे एखादा पायथन प्रोग्रॅम तेच सायफरटेक्स्ट उलगडतो, त्याला १८१ हा पहिला बाइट मिळतो, आणि यूटीएफ-८ मध्ये १२८ ते १९१ यांपैकी कोणत्याही बाइटने अक्षराची सुरुवात होऊ शकत नसल्याने तो पहिल्याच स्थानावर अडखळतो. फक्त अक्षरे आणि अंक असलेले ८, १२ किंवा १६ लांबीचे पासवर्ड या सापळ्यात नेमके बसतात, आणि कमांड लाइनवरून एन्क्रिप्ट केल्या जाणाऱ्या गोष्टींमध्ये असे पासवर्डच अधिक असतात.

यावर दोन उपाय आहेत. सीएलआय-बायनरी-फॉरमॅट या पर्यायाला रॉ-इन-बेस६४-आउट हे मूल्य दिले की मजकूर जसाच्या तसा घेतला जातो. मजकूर फाइलमध्ये असेल तर तिच्या नावाआधी फाइलबी हा उपसर्ग लावावा, म्हणजे फाइलमधील बाइट कोणताही अर्थ न लावता पुढे जातात. डिक्रिप्ट करताना मात्र हाच उपसर्ग उलटतो. एन्क्रिप्शनचे उत्तर बेस-६४ च्या रूपातच फाइलमध्ये साठवले आणि ती फाइल फाइलबीने दिली, तर बेस-६४ ची अक्षरेच सायफरटेक्स्ट समजून पाठवली जातात आणि केएमएस नकार देते. फाइलमध्ये बेस-६४ असेल तर साधा फाइल हा उपसर्ग, मूळ बाइट असतील तर फाइलबी. अधिकृत दस्तऐवजात हे लिहिलेले आहे. तरीही जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या स्क्रिप्ट नव्या आवृत्तीवर चालवल्या की हा प्रश्न हमखास उभा राहतो.

वाटेत बदललेले सायफरटेक्स्ट

नकाराचे दुसरे मोठे कारण म्हणजे सायफरटेक्स्टच्या मूळ बाइटना मजकूर समजणे. नोड-जेएस या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनात बफरवर, म्हणजे बाइटच्या साठ्यावर, पद्धतीचे नाव न देता टूस्ट्रिंग हे मजकूर बनवणारे फंक्शन वापरले, तर ते बाइट यूटीएफ-८ समजून वाचले जातात. सायफरटेक्स्टमधील बहुतेक मोठे बाइट यूटीएफ-८ च्या नियमांत बसत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी चौकटीत प्रश्नचिन्ह असलेले बदली चिन्ह येते. या चिन्हाचे स्वतःचे बाइट २३९, १९१, १८९ असे असतात. वेगवेगळ्या मूळ बाइटच्या जागी एकच चिन्ह आले, म्हणजे मूळ माहिती कायमची गेली. साठवलेल्या फाइलचे बाइट एक्सएक्सडीसारख्या साधनाने पाहावेत. हे त्रिकूट वारंवार आढळले तर पुढचा शोध थांबवावा. बेस-६४ च्या रूपात ते बऱ्याचदा ७७+९ असे दिसते, तेव्हा लांबलचक बेस-६४ मजकुरात ७७+९ पुन्हा पुन्हा आढळल्यास साधनाशिवायही निदान होते.

पायथनमधील चूक वेगळी असते. बाइटवर थेट एसटीआर वापरले, तर सुरुवातीचा रोमन 'बी' आणि अवतरणचिन्हे मजकुराचा भाग होऊन साठवली जातात. हे चटकन ओळखता येते आणि दुरुस्तही होते. मात्र पायथनचे बेस-६४ उलगडणारे नेहमीचे फंक्शन चिन्हसंचाबाहेरची अक्षरे गुपचूप वगळते, आणि हा सैलपणा मला घातक वाटतो. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर क्लाउडमधील की व्हॉल्ट या किल्ल्यांच्या सेवेचा आरईएसटी इंटरफेस (वेबवरून विनंती करण्याचा मार्ग) बेस-६४ चे यूआरएलला चालणारे रूप वापरतो. त्यात अधिकच्या चिन्हाऐवजी जोडरेघ आणि तिरप्या रेघेऐवजी अधोरेघ असते, आणि शेवटची बरोबरची चिन्हे नसतात. असा मजकूर पायथनच्या साध्या फंक्शनला दिला, तर जोडरेघ आणि अधोरेघ गळून पडतात. कधी पॅडिंग (शेवटची बरोबरची चिन्हे) चुकल्याची तक्रार येते, कधी तक्रारही येत नाही आणि चुकीचे बाइट पुढे जातात. व्हॅलिडेट हा पर्याय सुरू ठेवावा, आणि ॲझ्युअरसाठी यूआरएल-सुरक्षित रूपाचे वेगळे फंक्शन वापरावे.

अधूनमधून येणारी त्रुटी सर्वात जास्त छळते. बेस-६४ चा मजकूर वेबच्या पत्त्यातील प्रश्नचिन्हापुढच्या भागात तसाच टाकला, तर त्यातील अधिकचे चिन्ह पलीकडे रिकामी जागा म्हणून वाचले जाते. ३२ यादृच्छिक बाइटच्या बेस-६४ रूपात किमान एक अधिकचे चिन्ह असण्याची शक्यता सुमारे निम्मी आहे, म्हणून निम्म्या विनंत्या यशस्वी होतात आणि निम्म्या फसतात. जितका मजकूर लांब, तितके फसण्याचे प्रमाण अधिक.

विंडोजवर पॉवरशेल या कमांड लाइनची ५.१ ही आवृत्ती वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिथे 'पेक्षा मोठे' या चिन्हाने उत्तर फाइलमध्ये वळवले, तर ती फाइल यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते आणि सुरुवातीला २५५, २५४ हे दोन खूणबाइट जोडले जातात. डोळ्यांना बेस-६४ अगदी शुद्ध दिसते. प्रत्यक्षात प्रत्येक अक्षरानंतर शून्याचा बाइट असतो आणि फाइल दुप्पट मोठी होते. लिनक्सवरील बेस-६४ साधन दर ७६ अक्षरांनंतर ओळ तोडते, ओपनएसएसएल ६४ अक्षरांनंतर तोडते, आणि मॅकवरील साधन तोडत नाही. त्यामुळे एका यंत्रावर चालणारी स्क्रिप्ट दुसऱ्यावर अडते. डेटाबेसच्या मजकुरासाठी असलेल्या स्तंभात मूळ बाइट ठेवू नयेत, त्यासाठी बायनरी प्रकारचा स्तंभ घ्यावा. बेस-६४ ठेवायचे असेल तर वाढलेली लांबी धरून स्तंभ पुरेसा रुंद ठेवावा, नाहीतर शेपूट कापले जाते.

डिक्रिप्ट झाले, पण अक्षरे बिघडलेली

आता दुसरी बाजू. डिक्रिप्शन यशस्वी झाले, आणि 'मराठी'च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' पुन्हा पुन्हा दिसतो. हा 'ए' म्हणजे २२४ हा बाइट, जो देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाच्या आरंभी येतो. यूटीएफ-८ चे बाइट कोणीतरी विंडोज-१२५२ या पश्चिम युरोपीय पद्धतीने वाचले, असा याचा अर्थ. फक्त दाखवण्यात चूक असेल तर बाइट १५ च राहतात आणि वाचण्याची पद्धत बदलली की शब्द परत दिसतो. पण चुकीचे वाचून ते पुन्हा यूटीएफ-८ मध्ये लिहिले आणि मग एन्क्रिप्ट केले असेल, तर 'मराठी'चे ३१ बाइट झालेले असतात. लांबी मोजल्याबरोबर हा फरक कळतो.

असा दुहेरी बिघाड उलट क्रमाने दुरुस्त करता येतो, परंतु मराठीसाठी त्यात एक खास अडचण आहे. विंडोज-१२५२ मध्ये पाच बाइटना कोणतेही अक्षर दिलेले नाही: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट १२९ आहे, हलन्ताचा म्हणजे पाय मोडण्याच्या चिन्हाचा १४१, 'ए'चा १४३, 'ऐ'चा १४४ आणि 'झ'चा १५७. काही प्रोग्रॅम हे पाच बाइट जपून पुढे नेतात, काही त्यांच्या जागी प्रश्नचिन्ह घालतात. दुसऱ्या प्रकारच्या प्रोग्रॅममधून गेलेला मजकूर दुरुस्त केला, तर साधी अक्षरे परत येतात, पण जोडाक्षरे फुटलेली आणि उकार हरवलेले आढळतात. हे हाताने भरून काढावे लागते. थोड्या नोंदी असतील तर ते शक्य आहे, लाखो असतील तर नाही.

सगळ्या अक्षरांच्या जागी साधी प्रश्नचिन्हेच असतील, तर मात्र दुरुस्तीला वाव नसतो. जावामध्ये गेटबाइट्स हे मजकुराचे बाइट करणारे फंक्शन पद्धतीचे नाव न देता वापरले, तर २०२२ मध्ये आलेल्या जेडीके १८ या जावाच्या आवृत्तीपूर्वी ते यंत्राची स्थानिक पद्धत उचलत असे. ती विंडोज-१२५२ असेल तर देवनागरीला तिच्यात जागाच नाही, आणि प्रत्येक चिन्हाचे प्रश्नचिन्ह होऊन तेच इमानेइतबारे एन्क्रिप्ट होते. जेडीके १८ पासून यूटीएफ-८ ही नेहमीची पद्धत झाली आहे. तरीही कोडमध्ये तिचे नाव स्पष्ट लिहिणे हेच योग्य.

जुन्या मराठी मजकुराबाबत एक प्रकार वेगळा ओळखला पाहिजे. युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक संकेतसंचापूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर मुळात रोमन संकेतांचा असतो आणि तो फॉन्ट लावल्यावरच मराठी दिसतो. छापखान्यांतून आणि कार्यालयांतून अशा फाइल आजही येतात. त्या एन्क्रिप्ट होऊन बिनचूक परत येतात, आणि तरीही वाचता येत नाहीत, कारण परत आल्या तिथे तो फॉन्ट नसतो. येथे एन्क्रिप्शनच्या साखळीत काहीही दुरुस्त करायचे नसते. फाइल युनिकोडमध्ये रूपांतरित करावी लागते.

पासवर्डच्या शेवटी चिकटलेला ओळबदल हा लहान पण वारंवार भेटणारा दोष आहे. शेलमधील एको आदेश मजकुरापुढे १० हा बाइट जोडतो. पासवर्ड एन्क्रिप्ट होतो, उलगडतो, पडद्यावर बरोबर दिसतो, आणि डेटाबेस तो नाकारतो. एकोऐवजी प्रिंटएफ वापरावे आणि उलगडलेल्या पासवर्डची लांबी मोजावी.

सोबतचा संदर्भ

काही सेवा मजकुरासोबत एक उघडी माहितीही बांधून घेतात. एडब्ल्यूएस तिला एन्क्रिप्शन कॉन्टेक्स्ट म्हणते. उलगडताना ती तंतोतंत तशीच द्यावी लागते, लहान-मोठ्या अक्षरांसह. लॅम्डा या एडब्ल्यूएसवर फंक्शन चालवणाऱ्या सेवेच्या कन्सोलमधून पर्यावरणचले (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेली मूल्ये) एन्क्रिप्ट केली, तर फंक्शनचे नाव असा संदर्भ म्हणून जोडले जाते. तो न देता डिक्रिप्ट केले की नकार येतो, आणि मग बेस-६४ मध्ये नसलेली चूक शोधण्यात वेळ जातो. गुगल क्लाउड केएमएसमध्ये हा संदर्भ थेट बाइटच्या रूपात घेतला जातो, आणि तिथे मराठी शब्द वापरल्यास एक सूक्ष्म धोका आहे. 'वऱ्हाड' हा शब्द घ्या. त्यातील अर्धा 'र' तीन प्रकारे साठवलेला असू शकतो: 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त; साधा 'र', नुक्ता (अक्षराखालचे टिंब) आणि हलन्त; किंवा साधा 'र', हलन्त आणि शून्य रुंदीचे जोडचिन्ह. तिन्ही दिसायला सारखे असू शकतात, पण बाइट वेगळे, म्हणून एका कीबोर्डवरून एन्क्रिप्ट केलेले दुसऱ्या कीबोर्डवरच्या त्याच शब्दाने उलगडत नाही. युनिकोडचे एनएफसी हे प्रमाणीकरण पहिले दोन प्रकार एक करते, तिसऱ्याला ते हात लावत नाही. म्हणूनच संदर्भासाठी जिल्ह्याचा सांकेतिक क्रमांक किंवा साधी रोमन अक्षरे वापरावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

निदानाची रीत यातूनच ठरते. प्रत्येक टप्प्यावर, म्हणजे एन्क्रिप्शनपूर्वी, एन्क्रिप्शननंतर, साठवणीतून काढल्यावर आणि डिक्रिप्शननंतर, बाइटची लांबी आणि एसएचए-२५६ ठसा (बाइटवरून काढलेली ठरावीक लांबीची ओळखसंख्या) नोंदवावा. साठवण्यापूर्वीचा व नंतरचा ठसा जिथे जुळत नाही, तिथे दोष. खऱ्या पासवर्डचे ठसे मात्र लॉगमध्ये ठेवू नयेत, कारण लहान पासवर्ड ठशावरून शोधून काढता येतो; चाचणीसाठी वेगळा मजकूर घ्यावा, आणि त्यात 'झ', 'ए', ऱ्हस्व उकार आणि जोडाक्षर अवश्य असावे. एडब्ल्यूएस केएमएस एका वेळी जास्तीत जास्त ४,०९६ बाइट थेट एन्क्रिप्ट करते, म्हणजे देवनागरीची जेमतेम १,३६५ चिन्हे. इंग्रजी मजकुरावर तपासलेला प्रोग्रॅम मराठी परिच्छेदावर अडतो तो यामुळे. मोठ्या मजकुरासाठी डेटा की, म्हणजे केएमएसने बनवून दिलेली वेगळी किल्ली, मागवून तिने आपल्याच यंत्रावर एन्क्रिप्ट करावे, आणि ती की वापरण्यापूर्वी तिचे बेस-६४ रूप उलगडावे. ४४ अक्षरांचे ते रूपच की म्हणून दिले तर एईएसची लायब्ररी ते स्वीकारत नाही, तिला ३२ बाइट हवे असतात.

शोध चालू असताना जुनी किल्ली काढून टाकण्याच्या मार्गावर मात्र कोणी जाऊ नये. दोनदा बेस-६४ झालेला, यूटीएफ-१६ मध्ये लिहिला गेलेला किंवा ओळी तुटलेला मजकूर दुरुस्त होतो, पण त्यासाठी ज्या किल्लीने तो एन्क्रिप्ट झाला तीच लागते. एडब्ल्यूएस केएमएसमध्ये किल्ली नष्ट करण्याची सूचना दिल्यावर ७ ते ३० दिवसांची प्रतीक्षा असते आणि तेवढ्या काळात ती सूचना रद्द करता येते. मुदत संपल्यावर त्या किल्लीने एन्क्रिप्ट केलेले काहीही, बाइट कितीही शाबूत असले तरी, उलगडता येत नाही.